ओटीजीत अख्खी कोंबडी: किती वेळ भाजायची आणि किती वाजता लावायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), दीड किलोच्या आसपासची अख्खी कोंबडी, आणि शनिवारी रात्री साडेआठला सहा माणसं जेवायला. मागच्या वेळी रेसिपीत लिहिल्याप्रमाणे १८० अंशांवर दीड तास ठेवलीत, तर छातीचं मांस कोरडं पडलं आणि मांडीच्या हाडापाशी मात्र लालसर दिसलं. ऐन जेवणाच्या वेळी तंगड्या परत मायक्रोवेव्हमध्ये घालाव्या लागल्या. म्हणून यंदा तुम्हाला नेमकी मिनिटं हवी आहेत, आणि ओटीजी किती वाजता लावायचा तेही.

यात दोन वेगळे प्रश्न आहेत. कोंबडी शिजली हे कशावरून ओळखायचं, हा एक. साडेआठला पानं मांडायची तर सुरुवात कधी करायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घड्याळात नाही, मांसाच्या आतल्या तापमानात आहे. दुसऱ्याचं उत्तर घड्याळात आहे, पण ते जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत यायचं आणि मध्ये सढळ हाताने मोकळा वेळ ठेवायचा. मी पुण्यात घरून रोस्टच्या ऑर्डरी घेते. डिसेंबरात माझा ओव्हन रोजच तापलेला असतो, तरी एकाच दुकानातल्या, सारख्याच वजनाच्या दोन कोंबड्या दहा-दहा मिनिटं पुढेमागे होतात. कुणी ‘बरोब्बर ७५ मिनिटं’ म्हणालं तर तो त्यांच्या ओव्हनचा आणि त्यांच्या त्या दिवशीच्या कोंबडीचा आकडा समजायचा.

आधी वजनाचं बघू. तुमची दीड किलो म्हणजे जिवंत वजन की साफ केल्यानंतरचं? बऱ्याच दुकानांत काट्यावर जिवंत कोंबडी ठेवतात. दोन किलोची बॉयलर साफ करून, कातडीसकट, साधारण १.३ ते १.४ किलो भरते. कातडी काढली तर आणखी कमी. रेसिपीतलं वजन नेहमी साफ केलेल्या कोंबडीचं असतं. म्हणून घरी आणल्यावर स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोला. मी इथून पुढे १.४ किलो धरून चालते. सहा जणांना मुख्य पदार्थ म्हणून एवढी कोंबडी थोडी अपुरीच आहे, चौघांना ती नीट पुरते. पण म्हणून २८ लिटरमध्ये दोन कोंबड्या कोंबू नका. हवा फिरायला जागा राहत नाही आणि दोन्ही वाफाळून पांढुरक्या होतात. त्यापेक्षा बटाटे, भात, एखादी रस्सा भाजी वाढवा.

आता मागच्या वेळचं. माझ्या अंदाजाने तुमची कोंबडी कच्ची नव्हतीच. छाती कोरडी पडली याचा अर्थ आत उष्णता पुरेशी, किंबहुना जास्तच पोचली होती. हाडापाशी लाल दिसतं ते बरेचदा हाडातल्या मगजाचा रंग झिरपल्यामुळे. बॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांतच कापली जाते, तिची हाडं अजून सच्छिद्र असतात, आणि कोंबडी फ्रोझन असेल तर हा रंग आणखी उठून दिसतो. म्हणून लाल रंग म्हणजे कच्चं, असं ठामपणे म्हणता येत नाही. उलटही खरं: मांस पांढरं दिसलं म्हणून ते सुरक्षित झालं असंही नाही. टोचल्यावर पाणी स्वच्छ आलं की झाली, हा घरोघरी सांगितला जाणारा नियमही याच कारणाने बेभरवशाचा आहे.

भरवशाचा आहे तो प्रोब थर्मामीटर. टोकदार सळईचा, डिजिटल, काही शे रुपयांत मिळतो. अख्खी कोंबडी वर्षातून दोनदा जरी करणार असाल तरी तो घ्याच, त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे राहतं. आणल्यावर तपासून पाहा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घातलेल्या पेल्यात तो शून्याच्या जवळ यायला हवा. उकळत्या पाण्यात मुंबईला १०० दाखवेल, पण पुण्याला ९८ च्या आसपास. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, इथे पाणीच तेवढ्यावर उकळतं, तेव्हा थर्मामीटर बिघडलाय असं समजू नका.

आकडे दोनच लक्षात ठेवायचे. कोंबडीचं मांस सर्वात जाड भागात ७४ अंशांना पोचलं की सुरक्षित. पण तिथेच खरी अडचण सुरू होते. छातीचं मांस ७४ च्या पुढे जसजसं जाईल तसतसं ते पाणी सोडून चोथा होत जातं. मांडी आणि तंगडी ७४ ला सुरक्षित असली तरी चिवट आणि रबरासारखी लागते. तिच्यातले चिवट धागे विरघळून मऊ व्हायला ८० ते ८५ अंश लागतात. म्हणजे एकाच पक्ष्याचे दोन भाग, दोघांना वेगवेगळी उष्णता हवी, आणि आपण दोन्ही एकाच पेटीत एकाच वेळी ठेवतो. अख्खी कोंबडी नीट भाजणं म्हणजे छाती मागे ठेवत मांडी पुढे काढणं. १८० वर दीड तास ठेवून हे साधत नाही, कारण तिथे मांडी ८५ ला येईपर्यंत छाती केव्हाच ९० च्या घरात गेलेली असते.

ओटीजीमध्ये हे आणखी बिकट होतं. मोठ्या ओव्हनमध्ये वरचा तापणारा रॉड कोंबडीपासून दूर असतो. आपल्या छोट्या ओटीजीत १.४ किलोची कोंबडी उताणी ठेवली की छातीचा फुगवटा वरच्या रॉडपासून जेमतेम चार-पाच बोटांवर येतो. रॉड लालभडक झाला की ती कातडी वीस मिनिटांत करपायला लागते आणि मांडी मात्र खाली सावलीत. यावर माझा उपाय सोपा आहे: पहिली २५ मिनिटं कोंबडी पालथी ठेवायची, छाती खाली, पाठ वर. मांड्यांचा जाड भाग तेव्हा वरच्या उष्णतेकडे असतो आणि छाती दबलेली राहते. मग उलटायची. उलटताना लाकडी उलथन्याचा दांडा पोटाच्या पोकळीत घालायचा, दुसऱ्या हातात जाड दुमडलेला टिश्यू घेऊन मानेकडून आधार द्यायचा आणि आतला रस ट्रेमध्ये ओघळू द्यायचा. जाळीला आधी तेल लावलेलं असलं तर कातडी चिकटून फाटत नाही.

आणखी दोन बारक्या गोष्टी. तंगड्या दोऱ्याने आवळून बांधू नका. फोटोत छान दिसतं, पण मांडीचा आतला भाग अंगाला चिकटून राहतो आणि तिथेच उष्णता सर्वात उशिरा पोचते. उलट मांडी आणि पोट यांच्यामधली कातडी सुरीने थोडी सोडवून मांडी जराशी बाहेर ओढली तर त्या खाचेत गरम हवा शिरते. आणि कोंबडीच्या तंगड्या ओटीजीच्या मागच्या बाजूला, मान काचेच्या दाराकडे ठेवा. दाराच्या काचेतून उष्णता जाते, मागची बाजू जास्त तापते.

ओटीजीच्या गोल बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० आहे असं धरू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचे ओटीजी वीस-तीस अंशांनी पुढेमागे निघतात, दोन्ही बाजूंना. जाळीवर ठेवायचं छोटं ओव्हन थर्मामीटर एकदा आत ठेवून बघा आणि तुमच्या बटणाचा फरक कागदावर लिहून ठेवा. फॅन असेल तर रेसिपीतल्या आकड्यातून २० अंश कमी करायचे. मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोडही चालतो, फक्त बुटकी जाळी वापरा.

भाजायच्या आधी खारवून ठेवणं हा सगळ्यात मोठा फरक पाडणारा भाग आहे, आणि तोच लोक गाळतात. शुक्रवारी संध्याकाळीच कोंबडी आणा. रविवारी सकाळी रांगेत उभं राहून समोर कापून आणलेली गरम कोंबडी लगेच भाजायला घेऊ नये, कापल्यानंतर काही तास स्नायू आखडलेले असतात आणि ते मांस चिवट लागतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की ती सैल होते. दुकानदाराला स्पष्ट सांगा: कातडी ठेवा, पिसं नीट काढा, तुकडे नकोत, पोट साफ करून द्या. आपल्याकडे न विचारता कातडी सोलून देतात, आणि एकदा सोलली की काही करता येत नाही. फ्रोझन असेल तर गुरुवारीच फ्रीझरमधून खाली काढा, पूर्ण दिवस लागतो. गावठी कोंबडीचा विचारच करू नका. तिचा रस्सा उत्तम, पण कोरड्या उष्णतेत ती मऊ होत नाही.

धुण्याबद्दल वाद होईल हे मला माहीत आहे. आपल्या घरांत हळद-मीठ लावून नळाखाली चांगली धुतल्याशिवाय कोंबडी पातेल्यात जात नाही. पण नळाच्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, बाजूच्या कोथिंबिरीवर, घासून ठेवलेल्या ताटांवर उडतात आणि साल्मोनेलासारखे जंतू तिकडे जातात. कोंबडीवरचे जंतू धुऊन मरत नाहीत, उष्णतेने मरतात. टिश्यूने आतून-बाहेरून टिपा, पोकळीत राहिलेला लाल चिकट भाग काढा, बस. मन अगदीच घेत नसेल तर खोल पातेल्यातल्या पाण्यात हलकेच बुडवून काढा आणि नंतर सिंक साबणाने घासा. मात्र त्यानंतर तिला कोरडी करायचीच.

मीठ किलोमागे १२ ग्रॅम. १.४ किलोला साधारण १७ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन छोटे चमचे, किंचित कमी. त्यातलं थोडं पोकळीत, बाकीचं छाती आणि मांड्यांवर. बोटं कातडीखाली हळूच सरकवली तर ती छातीवरून पिशवीसारखी सुटते. तिथेही मीठ आणि मसाला घाला. ताटावर जाळी, जाळीवर कोंबडी, झाकण न घालता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे थेंब दुसऱ्या कशावर पडणार नाहीत. रात्रीतून मीठ आत मुरतं, मांस पाणी धरून ठेवायला लागतं, आणि कातडी कागदासारखी कोरडी होते. कातडी ओली असेल तर आधी ते पाणी उडून जाण्यातच ओव्हनची उष्णता खर्च होते, तोवर तिला रंग येत नाही.

दह्याचं मॅरिनेशन करू का, असंही तुम्ही विचारलंय. कातडी असेल तर नको. दही, लिंबू, आलं-लसूण हे काही मिलिमीटरच्या पलीकडे आत जात नाहीत, खोलवर जातं ते मीठ. दह्याचा ओला थर कातडी मऊ ठेवतो आणि लवकर काळा पडतो. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मिरी, लसूण असा गोव्यातल्या काफ्रियालच्या वळणाचा हिरवा मसाला घट्ट वाटून कातडीखाली भरला तर चव मांसाला लागते आणि वरून कातडी मोकळी राहते. वरून फक्त तेलाचा हात.

कातडी मिळालीच नाही तर सगळी पद्धत बदलते. तेव्हा मात्र टांगलेलं घट्ट दही, तेल, मसाला असा जाड थर द्या, मांड्यांना दोन-तीन खोल चिरा पाडा (छातीला नाही), १९० वर पहिली ३५-४० मिनिटं फॉइलने झाका, मग उघडून बटर लावत रंग आणा. कुरकुरीत होणार नाही, पण मऊसूत होते. रायगडातल्या पोपटीत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात कोंबडी शिजते तीही अशीच, बंद वाफेवर. तिथे कुणी कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवत नाही. पोटात अंडी-भात किंवा खिमा भरण्याचा मोह होईल, तो टाळा. सारणालाही ७४ अंशांना पोचावं लागतं आणि ते होईपर्यंत छाती हातची जाते. सारण वेगळं शिजवा. पोकळीत अर्धं लिंबू आणि लसणाचा ठेचलेला गड्डा पुरे.

आता शनिवारचं वेळापत्रक, साडेआठपासून मागे. सव्वाआठला कापायला घ्यायची. त्याआधी किमान २० मिनिटं तिला विश्रांती हवी, मी ३० धरते. म्हणजे पावणेआठला ती बाहेर आलेली हवी. २०० अंशांवर १.४ किलोला ६५ ते ८० मिनिटं लागतात, मी जास्तीची ८० धरते. म्हणजे साडेसहाच्या आत, सहा पंचविसाला आत गेली पाहिजे. ओटीजी दोन्ही रॉड लावून वीस मिनिटं आधी तापायला ठेवायचा, म्हणजे सहा-पाचला. कोंबडी फ्रिजमधून पावणेसहा-सहाला काढली की झालं. मे महिन्यात दोन-दोन तास ओट्यावर ठेवू नका.

खालच्या ट्रेमध्ये जाड फोडींचे बटाटे आणि कांदे पसरा. त्यावर चरबी गळते, ती जळून धूर होत नाही आणि बटाटे आयते होतात. २५ मिनिटांनी उलटा. ५० मिनिटं झाली की पहिल्यांदा थर्मामीटर लावा. सळई मांडीच्या आतल्या बाजूने, मांडी जिथे अंगाला मिळते तिथल्या जाड भागात, तिरकी घालायची. हाडाला टेकली तर आकडा खोटा येतो, म्हणून टक लागलं की जरा मागे घ्या आणि शेजारी पुन्हा टोचा. सळई हळूहळू आत सरकवताना आकडा उतरत जातो आणि एका ठिकाणी पुन्हा चढायला लागतो. तो सर्वात खालचा आकडा तुमचा. मग छातीत, मानेकडच्या बाजूने, लांबीच्या दिशेने. छाती ७१-७२ आणि मांडी ८० दिसली की बाहेर काढा. बाहेर आल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढतं आणि छाती ७४ ला पोचते. पोचली हे दहा मिनिटांनी पुन्हा टोचून बघा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्क माणसं असतील तर ओव्हनमध्येच ७४ होऊ द्या, थोड्या रसाचा लोभ धरू नका. मध्ये दार उघडणं कमी ठेवा, छोट्या ओटीजीची उष्णता एका उघडण्यात निघून जाते. छातीवर रंग लवकर चढला तर तिथे फॉइलचा तुकडा ठेवा, रॉडला लागणार नाही असा.

सात वीसलाच झाली तर? उत्तम झालं. सैल फॉइल घालून ठेवा, घट्ट नाही, नाहीतर वाफेने कातडी लिबलिबीत होते. पाऊण तासानेही ती आतून गरम असते. वाढण्यापूर्वी पाच मिनिटं २२० वर ठेवली की कातडी पुन्हा कडक होते. आठ वाजून गेले आणि छाती ७४ पण मांडी ६८ वरच अडली, तर अख्खी परत घालू नका. तंगड्या मांडीसकट कापून वेगळ्या करा, त्या एकट्या दहा-बारा मिनिटं २०० वर ठेवा, तोवर छाती विश्रांती घेते. मागच्या वेळी मायक्रोवेव्हऐवजी हे केलं असतं तर निभावलं असतं. वीज गेली तर पंधरा-वीस मिनिटं दार न उघडता थांबा. त्याहून जास्त वेळ जाणार असं दिसलं तर कोंबडी अर्धी गरम तशीच ठेवू नका. तुकडे करून, थोडं पाणी घालून, झाकण ठेवून कढईत गॅसवर पूर्ण शिजवा. रोस्ट राहिलं, पण जेवण सुरक्षित झालं.

टेबलावर अख्खी कोंबडी मिरवायची नसेल, तर माझा खरा सल्ला वेगळाच आहे: दुकानातच पाठीचा कणा कात्रीने कापून घ्या आणि कोंबडी उघडून पुस्तकासारखी सपाट करा. मांड्या बाहेर पसरतात, छाती खाली दबते आणि सगळं २१०-२२० वर ४०-४५ मिनिटांत होतं. छाती आणि मांडीचं भांडण इथे जवळजवळ मिटतंच. फक्त तुमच्या ट्रेवर ती सपाट मावते का, ते कच्ची असतानाच बघा. घरच्या जेवणाला मी अशीच करते. अख्खी फक्त सणासुदीला आणि ऑर्डरला.

कापताना आधी तंगडी बाहेर ओढा, सांधा दिसतो, तिथे सुरी घाला, हाडाशी झगडू नका. मग छातीच्या मधल्या हाडाला चिकटून खाली सुरी उतरवत अख्खा अर्धा भाग सोडवा आणि आडव्या फोडी करा, म्हणजे प्रत्येक फोडीला कातडीची कड येते. पाटावर साठलेला रस ट्रेमधल्या बटाट्यांवर ओता. उरलेलं मांस हाडावरून काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, आणि सांगाडा, मान, कणा, असेल ते कुकरमध्ये कांदा-मिरी-पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा. रविवारच्या सूपची सोय तिथेच होते.